पत्रकातला दावा आणि प्रोसिडिंगमधली ओळ

बालाघाटाच्या उतारावरचा, ऊसतोडीवर जगणारा एक विधानसभा मतदारसंघ. निवडणूक नोव्हेंबर २०२४ ची. रिंगणात पंधरा-सोळा नावं, पण लढत तिघांत. उमेदवार अ हे दोन वेळचे आमदार, सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष आणि एका शिक्षणसंस्थेचे सर्वेसर्वा. उमेदवार ब या २०१७ ते २०२२ जिल्हा परिषद सदस्य, त्यातली अडीच वर्षं महिला व बालकल्याण समितीच्या सभापती. उमेदवार क या डिसेंबर २०२२ मध्ये थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंच, आता अपक्ष. तिघांच्याही पत्रकावर पहिल्याच पानाला ‘महिला सक्षमीकरण’.

चार गावांतल्या बचत गटांमधल्या नऊ जणी आणि एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणतं, यांनी तिघांचं काम एका तक्त्यात मांडायचं ठरवलं. हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. गट आणि उमेदवार नमुन्याचे आहेत. कायदे, तारखा, कागद आणि कचेऱ्या मात्र खऱ्या.

एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच बरोबर केली. बचत गटांच्या ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावानं काहीही काढलं नाही. हे संघ सरकारी अभियानाला जोडलेले असतात, निधी तिथून येतो, गटांची कामं पाहणाऱ्या सीआरपी ताईला मानधन तिथूनच मिळतं. आचारसंहितेत संघाच्या लेटरहेडवर उमेदवारांचा तक्ता निघाला असता, तर पहिली तक्रार संघावरच झाली असती. म्हणून दहा जणींनी आपापल्या नावानं काम केलं, आणि मानधन घेणारी एकही त्यात ठेवली नाही.

पहिला तक्ता का फसला

पहिला तक्ता शंभर गुणांचा होता. शपथपत्रात गुन्हा नसेल तर २० गुण, विधानसभेत किंवा सभेत विचारलेल्या प्रश्नांना ३०, महिलांसाठी आणलेल्या निधीला ३०, उमेदवार बाई असेल तर २०. संध्याकाळभर बसून बेरीज केली आणि आमदार अ पहिले आले. बसलेल्यांपैकी कुणालाच ते पटेना, पण चूक कुठे आहे हेही सांगता येईना.

चूक अशी होती. सरपंच विधानसभेत प्रश्न विचारूच शकत नाही, म्हणून क यांना तिथे शून्य. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न काही लाख; रकमा शेजारी ठेवल्या की अ जिंकणारच. ब यांच्या शपथपत्रात एक गुन्हा होता म्हणून त्यांचे २० गुण गेले, पण तो गुन्हा कशाचा हे कुणी वाचलंच नव्हतं. आणि ‘बाई असल्याचे’ २० गुण म्हणजे कामाचे नव्हेत, जन्माचे. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईच्या जागी नवरा खुर्चीत बसतो, हे ज्या गावांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यांनी तरी असे गुण द्यायला नको होते.

दुसऱ्या तक्त्यात गुण काढून टाकले. प्रत्येक दाव्यापुढे चार रकाने आले: कोणता कागद, त्या वेळी पद कोणतं आणि त्या पदाला अधिकार काय, त्या अधिकारातून प्रत्यक्ष काय झालं, आणि विचारल्यावर उमेदवाराचं उत्तर. सगळा फरक दुसऱ्या रकान्यानं पाडला.

शपथपत्र: गुन्हा आहे की आंदोलन

विधानसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. त्यात प्रलंबित गुन्हे, शिक्षा, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असतं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं मतदाराचा हा हक्क मान्य केला, आणि रकाना कोरा सोडता येत नाही हे २०१३ मध्ये स्पष्ट केलं. शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं; २०२४ मध्ये ते ‘नो युवर कँडिडेट’ ॲपवरही दिसायचं. गुन्हे असतील तर उमेदवारानं प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर ते जाहीर करायचे असतात. पक्षानंही अशा माणसालाच तिकीट का दिलं याची कारणं द्यायची असतात. हा २०२० चा आदेश. ती कारणं वाचून पाहावीत. ‘लोकप्रिय आहेत’ याच्या पलीकडे सहसा काही नसतं.

ब यांच्यावरचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम १४३ आणि ३४१ चा आणि पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ चा होता: बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, मनाई आदेशाचा भंग. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून केलेला रास्ता रोको. आंदोलन करणाऱ्या माणसाच्या नावावर असे गुन्हे असतातच, आणि महिलांच्या हक्कांच्या तक्त्यात ते उणे खात्यात टाकणं म्हणजे उलटा हिशेब.

तेव्हा आकडा सोडा, कलम वाचा. छळाचं ४९८अ, विनयभंगाचं ३५४, बलात्काराचं ३७६, शब्द किंवा हावभावानं अपमानाचं ५०९, हुंडाबळीचं ३०४ब. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत नोंदलेला असतो आणि तिथे क्रमांक वेगळे: छळ ८५, विनयभंग ७४, बलात्काराची शिक्षा ६४, अपमान ७९, हुंडाबळी ८०. जुनी यादी हातात धरून नवं शपथपत्र वाचलं, तर ७४ हा आकडा डोळ्यांखालून निसटून जातो.

अ यांचं २०२४ चं शपथपत्र गुन्ह्यांच्या बाबतीत कोरं करकरीत. पण बाईंनी २०१४ आणि २०१९ चीही काढली. २०१४ मध्ये ५०९ चा एक खटला प्रलंबित होता. २०१९ मध्ये तो नाही. प्रलंबित यादीतून खटला जातो तेव्हा वाटा अनेक असतात: निर्दोष सुटका, आरोपमुक्ती, उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करणं, किंवा सरकारनं खटला मागे घेणं. शेवटची वाट १० ऑगस्ट २०२१ पासून अरुंद झाली, कारण आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव, तालुका आणि वर्ष घालून सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला. निकाल: फिर्यादी फितूर, आरोपी निर्दोष. तक्त्यात एवढंच लिहिलं, शेरा नाही. फिर्यादीचं नाव तर नाहीच. काही लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख छापणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, आणि बाकीच्या प्रकरणांतही ते नाव छापून मतदाराला काहीही मिळत नाही.

नावसाधर्म्याचा घोळ इथे हमखास होतो. आडनाव, बापाचं नाव, गाव आणि वय या चारही गोष्टी जुळल्याशिवाय खटला कुणाच्या खात्यावर टाकायचा नाही. आमच्या भागात एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं सापडतात, त्यातला एखादा चुलत भाऊच निघतो.

सभागृह: मत कुठे दिसतं, कुठे दिसत नाही

बाहेरच्या देशांत लोकप्रतिनिधीनं कोणत्या विधेयकावर हो म्हटलं, कोणत्यावर नाही, याच्या याद्या निघतात. ती पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. आपल्या विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं संमत होतात. कोण हो म्हणालं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. मतविभाजन झालंच तरी पक्षादेश असतो, आणि तो मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, परिशिष्टाखाली आमदारकी जाण्याची टांगती तलवार. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा ठरवणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये एकमतानं संमत झालं. ‘मी शक्ती कायद्याला पाठिंबा दिला’ हे २८८ पैकी कुणीही म्हणू शकतो. तुलनेला त्याचा उपयोग शून्य.

नोंदलेलं मत असतं तिथेही ते एकटं वाचू नये. उदाहरण मराठवाड्याचंच. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. विरोधातल्या दोन मतांपैकी एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं, दुसरं असदुद्दीन ओवैसी यांचं. आरक्षणात ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा कोटा नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. ‘महिला आरक्षणाला विरोध’ एवढंच छापलं तर अर्धं सत्य, आणि कारण छापून मत लपवलं तरी अर्धंच. तक्त्यात दोन्ही लिहायचं, पटलं की नाही ते वाचणारीनं ठरवायचं. बाजूने पडलेल्या ४५४ मतांच्या पुढेही एक ओळ लागते: हे आरक्षण पुढची जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावरच लागू व्हायचं आहे, असं त्या दुरुस्तीतच लिहिलेलं आहे.

मग आमदाराचं काम पाहायचं कुठे? तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे, अशासकीय विधेयकं आणि भाषणं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाही मिळते. शोध नीट चालत नाही, पीडीएफ एकेक उघडून वाचाव्या लागतात. एका अधिवेशनाला दोन जणींचे दोन दिवस धरून चालावं.

अ यांच्या पत्रकात मोठ्या अक्षरात होतं: ‘ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न सभागृहात मांडला.’ या भागात हा दावा साधा नाही. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारनं दिलेल्या उत्तरानुसार बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहा जणींमागे एक. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, कापला जातो, फडावर ना संडास ना पाणी, आणि डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतो: कारणांची ही साखळी गावातल्या कुठल्याही बाईला तोंडपाठ आहे.

कार्यवाही उघडली तेव्हा अ यांचं नाव एका तारांकित प्रश्नाखाली सापडलं, बऱ्याच नावांच्या रांगेत, तेही पुष्कळ खाली. आपल्याकडे एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करतात आणि खाली सगळ्यांची नावं येतात. पहिलं नाव कुणाचं, उपप्रश्न कुणी विचारले, उत्तर असमाधानकारक असताना कोण उभं राहिलं, हे पाहावं लागतं. अ यांचा उपप्रश्न नव्हता. पुढच्या अधिवेशनांत पाठपुरावाही नव्हता. दावा खोटा नव्हता, पातळ होता. तक्त्यात शब्द आला: ‘सहस्वाक्षरी, उपप्रश्न नाही.’

आणखी एक खाचखळगा: मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. माजी मंत्र्याच्या नावापुढे दोन-तीन वर्षं एकही प्रश्न दिसला तर ते आळशीपण नव्हे. त्या काळातले त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचायचे.

योजनांचं श्रेय तर सरळ वेगळ्या पानावर टाकलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा, दरमहा १,५०० रुपये. एसटीत महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. हे सरकारचे निर्णय आहेत. आमदाराचा त्यातला वाटा फलकावरच्या फोटोपुरता असू शकतो. फॉर्म भरायला शिबिर घेतलं असेल तर तेवढंच लिहायचं. संक्रांतीचं वाण, हळदीकुंकू, खेळ पैठणीचा, साडीवाटप यांना तक्त्यात रकानाच ठेवला नाही. यावरून दहा जणींत थोडी खडाजंगी झाली, कारण दोघींना पैठणी मिळालेली होती.

जिल्हा परिषद: पैसा कशावर गेला

ब यांचं काम पाहणं त्या मानानं सोपं, कारण तिथे पैसा आणि अधिकार एकाच समितीत असतात. जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. योजना ढोबळमानानं दोन प्रकारच्या: प्रशिक्षण, समुपदेशन, सक्षमीकरण एकीकडे, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल अशा वस्तू दुसरीकडे. सभापतीचा कल कुठे होता हे या दोन बेरजांमधून कळतं.

माहिती अधिकाराचा अर्ज असा केला होता: ‘१ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या काळातील महिला व बालकल्याण समितीच्या सभांची इतिवृत्ते, उपस्थितीपत्रके आणि वर्षनिहाय योजनानिहाय मंजूर व खर्च रकमेचा तक्ता.’ एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सचे पानामागे २ रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत शब्दांची आणि विषयाची ही मर्यादा आहे. ती ओलांडली की अर्ज त्याच सबबीवर परत येतो. ‘निधी का खर्च झाला नाही?’ असा प्रश्न अर्जात विचारायचा नाही. ‘का’ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं, मागायचा तो कागद.

मुदत ३० दिवसांची, न मिळाल्यास पहिलं अपील. निवडणुकीचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला, अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर. उमेदवार नक्की झाल्यावर अर्ज टाकला असता तर उत्तर निकालानंतर आलं असतं. बाईंनी अर्ज ऑगस्टमध्येच टाकले होते, इच्छुक कोण हे चहाच्या टपरीवर कळलं तेव्हा. उशीर झालेल्यांना एक पळवाट आहे: २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी, टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

कागद आले. वस्तूंवरचा खर्च मोठा, आणि बिलांचा मोठा गठ्ठा मार्च महिन्यातला. समुपदेशन केंद्राचा विषय दोन सभांत निघाला, दुसऱ्या सभेत निधीसह मंजूर झाला, केंद्र सुरूही झालं. मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपून प्रशासक आल्यानंतर ते चालू राहिलं की नाही, याची जबाबदारी ब यांच्यावर टाकता येत नाही. २०२२ नंतरची रिकामी जागा पाहून ‘दोन वर्षं काही केलं नाही’ असं लिहायला एक मुलगी निघालीच होती. पद नव्हतं, हा दुसऱ्या रकान्याचा मजकूर.

वस्तूंबाबत ब यांचं म्हणणं असं पडलं: “ताई, सदस्य मशीनच मागतात. प्रशिक्षणाला कुणी टाळी वाजवत नाही.” ते उत्तर चौथ्या रकान्यात जसंच्या तसं गेलं.

ग्रामपंचायत: रजिस्टर वाचायची रीत

क यांच्याबद्दल कागद कमी, पण सगळ्यात बोलके. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, हे ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा, म्हणजे किमान चार महिला सभा. ग्रामसेवकाकडे प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या कामकाजाची वही, आणि हजेरी मागायची. बघायचं ते असं: सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या आहेत का, पंचवीस अंगठे एकाच दाबाचे आहेत का, त्या तारखेला ऊसतोडीला गेलेल्या बायकांची हजेरी लागली आहे का. जानेवारीच्या सभेत फडावरच्या बाईची सही दिसली की सभा कागदावर झाली हे ओळखावं. आणि ठरावाचे सूचक-अनुमोदक कोण? सगळीकडे सरपंचांच्या पतीचंच नाव असेल, तर कारभार कुणाचा हे वेगळं विचारायला नको.

क यांच्या रजिस्टरात जानेवारीच्या सभांना हजेरी सात-आठच होती. ती खरी वाटली, याच कारणानं. ठराव तीन सापडले.

पहिला विधवा प्रथेविरुद्धचा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं तसा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना तो आदर्श म्हणून कळवला, आणि मग ठिकठिकाणी नक्कल झाली. ठराव असणं सोपं; त्यानंतर गावात कुणी गेलं तेव्हा कुंकू पुसलं का, हे त्या घरातल्या बाईला विचारायचं. दोन घरांत विचारलं: एका घरी पुसलं नाही, एका घरी पुसलं आणि सरपंचबाई तिथेच होत्या. दोन्ही तक्त्यात.

दुसरा, घराच्या उताऱ्यावर म्हणजे नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा. हे मोजता येतं. निवडून येण्याआधीचं आणि नंतरचं रजिस्टर घ्या, जोडनावं मोजा. या एका ओळीसाठी दोन दुपारी गेल्या, आणि सगळ्या तक्त्यात हीच ओळ सगळ्यात भक्कम ठरली. इथे नाव लागलेली बाई घराबाहेर काढताना निदान कागदाला तरी धक्का लावावा लागतो. शेताच्या सातबाऱ्याची गोष्ट निराळी. तो तलाठ्याकडचा विषय, सरपंचाच्या हातातला नव्हे. त्यासाठी क यांना दोष नाही आणि श्रेयही नाही.

तिसरा ठराव दारूबंदीच्या मतदानाचा. २००८ च्या नियमांनुसार २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं: उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. यादीत ८०० बाया असतील तर ४०१ हव्यात, मग मतदानाला ५०० च आल्या तरी. आणि हे मतदान डिसेंबर-जानेवारीत लागलं तर निम्म्या बाया फडावर. हरलंच म्हणून समजा. क यांनी मागणीचा अर्ज मे महिन्यात दिला होता, टोळ्या गावात परतल्यावर. तारीख निवडण्यातली ही जाण कुठल्याच पत्रकात छापलेली नव्हती, क यांच्याही नाही.

बालविवाहाचा रकाना तिघांनाही होता, कारण आकडे तसे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. २००६ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार असं लग्न लावायला उत्तेजन देणं, इतकंच नव्हे तर त्याला हजर राहणंही गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. आता पुढाऱ्याचा उन्हाळा आठवा. दिवसाला दहा लग्नं, अक्षता टाकायच्या, फोटो काढायचा, पुढच्या मांडवाला निघायचं. अ यांच्या फेसबुक पानावरच्या एका लग्नातली नवरी त्या वर्षी दहावीत होती, हे शाळेच्या निर्गम उताऱ्यावरून कळत होतं. छापावं का? छापलं नाही. फोटोवरून मुलगी ओळखू आली असती. त्याऐवजी तिघांना लेखी प्रश्न दिला: लग्नाला जाण्याआधी नवरीचं वय विचारता का? क यांनी ‘दोनदा परत आले’ असं लिहून दिलं, ब यांनी ‘पत्रिकेवर विश्वास ठेवावा लागतो’, आणि अ यांच्या कार्यालयातून उत्तर आलं नाही.

स्वतःच्या संस्थेत काय

हा रकाना उशिरा सुचला, आणि आधी सुचायला हवा होता. उमेदवाराच्या हातात स्वतःची संस्था असेल तर तिथे पक्षादेश नाही, निधीची वाट पाहणं नाही. मन असेल तर काम होतं. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिला हवी, एक सदस्य बाहेरची हवी, आणि वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जायला हवा. सहकारी कारखान्याकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं आहे. म्हणून अर्ज अहवाल जिथे जातो तिथे, जिल्हा अधिकाऱ्याच्या कार्यालयात केला. कारखान्याचा एकही अहवाल तिथे आलेला नव्हता. शिक्षणसंस्थेचे होते, सलग तीन वर्षांचे.

संचालक मंडळात महिलांच्या २ राखीव जागा भरलेल्या होत्या. त्या दोघींची आडनावं अ यांच्या घराशी जुळत होती. हे लिहावं की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी नातं छापलं नाही, ‘२ जागा, दोन्ही बिनविरोध’ एवढं छापलं. आमच्या मते नातं छापायला हरकत नव्हती, ते सार्वजनिक पदाबद्दलचं आहे.

छापताना

तक्ता एका कागदावर, दोन्ही बाजूंनी. तिघांचे रकाने सारख्या रुंदीचे, क्रम मतपत्रिकेतलाच. खाली मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार त्याशिवाय निवडणुकीचं पत्रक छापणं गुन्हा आहे. चांगला प्रेसवाला प्रकाशकाचं घोषणापत्र आधी मागतो, मागितलं नाही तर दुसरा प्रेस शोधावा. ‘यांना मत द्या’ किंवा ‘देऊ नका’ अशी ओळ कुठेही नाही. ती आली की खर्च कुणाच्या खात्यावर धरायचा हा प्रश्न उभा राहतो. छापण्याआधी तिघांना मसुदा पाठवला आणि उत्तराला तीन दिवस दिले. ब यांच्या माणसांनी एक तारीख दुरुस्त करून दिली, ती खरोखरच चुकली होती.

व्हॉट्सॲपवर मात्र घात झाला. कुणीतरी तक्त्याचा फक्त अ यांचा रकाना कापून, लाल गोल काढून फिरवला. पुढच्या वेळी प्रत्येक रकान्यावर आडवं ‘तिघांचा तक्ता पूर्ण वाचा’ असं पुसट छापायचं ठरलं. कापणारा तरीही कापेल, पण कापलेलं दिसेल.

राहिलेली ओळ

सगळ्यात मोठी चूक ११ नोव्हेंबरला लक्षात आली, आणि ती एका ऊसतोड बाईनंच दाखवली. “बाई, तक्ता चांगलाय. पन आमी विसाला इथं असणार हावोत का?” गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता आणि मतदान २० ला. उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक कोयता, मुकादमाच्या ट्रॅक्टरबरोबर निघणार. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम १३५ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. पण टनावर मजुरी मिळणाऱ्या आणि तीही नवऱ्याच्या नावानं मोजल्या जाणाऱ्या बाईला कोण सुट्टी देणार आणि कुठून आणणार? मत देण्याचा हक्क हाच पहिला हक्क, आणि तो तक्त्यात नव्हताच.

तिघांना त्याच रात्री फोन गेले. प्रश्न एकच: तोडीला गेलेल्या बायकांना मतदानाला आणण्यासाठी साखर आयुक्तालयाकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा कारखान्यांकडे तुम्ही लेखी काय मागितलं? अ स्वतः कारखान्याचे अध्यक्ष. त्यांच्याकडून ‘गाड्यांची व्यवस्था करू’ असं उत्तर आलं, लेखी काही नाही. उमेदवारानं मतदारांना गाडीनं केंद्रावर आणणं हे कायद्यात भ्रष्ट आचरण आहे, हे बाईंनी त्यांच्या सहायकाला तिथेच सांगितलं. ब यांनी पत्र दिल्याचं सांगितलं, पोच मात्र मिळाली नाही. क यांनी तहसीलदारांना दिलेल्या निवेदनाची पोच व्हॉट्सॲपवर पाठवली, तारीख १७ ऑक्टोबर.

छापील प्रती तयार होत्या. ही ओळ त्यांच्यावर तळाला पेनानं लिहिली गेली, जेवढ्या प्रतींवर १२ तारखेच्या पहाटेपर्यंत लिहून झाली तेवढ्यांवर. पहिली टोळी सहा वाजता सुटली.